उजव्या पापणीची रेघ

भाची आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधी चष्मा काढून उभी राहिली. "मामा, नीट बघ. दोन्ही डोळे सारखे आहेत का?"

बघितलं. डाव्या पापणीवर घडी आहे, उजवीवर नाही. त्यामुळे डावा डोळा जागा वाटतो आणि उजवा दुपारच्या झोपेतून नुकता उठलेला. चोवीस वर्षं हा चेहरा बघतोय आणि हे मला आज दिसलं. सुरतेच्या मराठी शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे शोभत नाही.

"कुणाचेच सारखे नसतात," म्हटलं.

"ते ठाऊक आहे. माझे किती वेगळे आहेत ते विचारतेय."

मग मोबाईल पुढे केला. कोरियातल्या मुलींचे फोटो, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे. 'डबल आयलिड' म्हणतात म्हणे. ताईने तिच्यासाठी स्थळं बघायला घेतली आहेत, फोटो काढायचे आहेत. हे ती बोलली नाही, पण बोलण्यासारखं राहिलंही नव्हतं.

रात्री ही वही काढली. पेन्शनरला प्रश्न मिळाला की झोप जाते.

*

घडी पडते कशी, ते आधी समजून घेतलं.

पापणी वर उचलणारा स्नायू डोळ्याच्या खोबणीत मागे, छताजवळून निघतो. पुढे येता येता तो पातळ, चिवट पडद्यासारखा होतो. त्या पडद्याचे बारीक धागे पापणीच्या कातडीपर्यंत पोचले असतील, तर डोळा उघडताना कातडी तेवढ्या ओळीवर आत ओढली जाते. तीच घडी. खिडकीच्या पडद्याला मागून दोरी शिवलेली असली की ओढल्यावर त्याच जागी चुणी पडते, तसंच.

पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत ही दोरी तिथे पोचत नाही. खोबणीतली चरबी पुढच्या बाजूने जरा खाली उतरलेली असते आणि कातडी सपाट, भरीव राहते. पापणीला ताठपणा देणारी आतली पट्टीसुद्धा त्यांच्यात उंचीला कमी. यात बिघाड काहीच नाही. डोळा तितकंच बघतो.

आणि तिकडेसुद्धा सगळ्यांची पापणी सपाट नसते. जवळजवळ निम्म्या लोकांना जन्मतःच घडी असते. एकाच घरात दोन्ही प्रकार सापडतात. भाचीच्या बाबतीत तर एकाच चेहऱ्यावर.

*

आपल्या भाषेत डोळ्यांना शब्द किती! टपोरे, पाणीदार, बदामी, घारे, मासोळीसारखे, हरणासारखे, खोल गेलेले, बटबटीत, मिचमिचे. पापणीच्या घडीला मात्र स्वतःचा शब्द मला आठवेना. मायला विचारलं. ती अहिराणीत डोळ्याला 'डोया' म्हणते. ती म्हणाली, "त्याले काय नाव राही? डोया डोयाच."

ज्याला नाव नाही, ते चोवीस वर्षं दिसत नाही. फोनने नाव दिलं आणि एका दिवसात दिसायला लागलं.

*

वर्गात मुलांना शिकवायचो: चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे बसतात आणि दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा मावतो. फळ्यावर अंडाकृती काढून पाच भाग पाडायचे. युरोपातल्या कलाशाळांचा हा जुना नियम, आपण ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी उचलला.

१९८५ साली लेस्ली फार्कस यांनी उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांचे चेहरे मोजून असले नियम तपासले. ज्यांच्यासाठी नियम केला, त्यांच्यातल्याच अनेकांना तो लागू पडेना. पूर्व आशियातल्या चेहऱ्यांवर तर मधलं अंतर एका डोळ्यापेक्षा जास्त भरणं नेहमीचंच. नाकाकडच्या कोपऱ्यावर कातडीचा छोटा पदर येतो, त्याने डोळ्याची दिसणारी लांबीही कमी होते.

इतकी वर्षं मी पाच डोळ्यांत न बसणाऱ्या मुलांना 'प्रमाण चुकलंय' म्हणून लाल खूण केली. शेजारच्या बाकावरचा खरा चेहरा बघून त्यांनी बरोबर काढलं असेल, ही शंका आज आली.

*

१८९६. जपान. मिकामो नावाच्या डॉक्टरांनी दुहेरी पापणीच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अशा शस्त्रक्रियेचा छापील इतिहास इथून धरतात. कापाकापी नव्हती. रेशमी धाग्याचे टाके पापणीतून घालून घडी पाडायची आणि काही दिवसांनी टाके काढायचे.

पेशंट कोण होती ते वाचून मी खुर्चीत सरळ झालो. एका डोळ्याला घडी, दुसऱ्याला नाही, अशी बाई. मिकामोंनी दुसरी पापणी पहिलीसारखी केली. माप कुठून घेतलं? तिच्याच चेहऱ्यावरून.

भाचीला सकाळी सांगितलं. "बघ, म्हणजे मी पहिलीच," ती म्हणाली. फार दिवसांनी हसली.

*

दुसरी गोष्ट तिला तितकी आवडली नाही.

कोरियातलं युद्ध थांबल्यावर राल्फ मिलार्ड नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन तिथे गेले. भाजलेल्या, जखमी झालेल्या लोकांसाठी त्यांना पाठवलं होतं. तिथे त्यांनी पापण्यांचीही ऑपरेशनं केली आणि १९५५ मध्ये त्यावर लिहिलं. त्यांच्याकडे आलेला एक जण दुभाष्या होता. तिरप्या डोळ्यांमुळे अमेरिकन लोकांना आपण काहीतरी लपवतोय असं वाटतं, अशी त्याची तक्रार. डोळे गोल करून हवे होते.

घडीची जागा तीच, माप मात्र दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून.

या दोन गोष्टी वहीत समोरासमोरच्या पानांवर लिहिल्या आहेत. बाकीचं सगळं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतं. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या ज्युली चेन यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की तरुणपणी ओहायोमध्ये बातमीदार असताना वरिष्ठांनी डोळ्यांवरून ऐकवलं आणि त्यांनी हे ऑपरेशन करून घेतलं. हेही मिलार्डच्या पानावर.

*

शेजारी रत्नकलाकार आहे, अमरेलीकडचा. हिरा धरून धरून बोटं वाकलीत. त्याच्याशी बोलताना प्रमाणाचा विषय निघाला, तर तो माझ्यापेक्षा पक्का निघाला.

मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गोल हिऱ्याचं गणित मांडलं: व्यास शंभर धरला तर वरचं टेबल ५३, मथाळ्याचा, म्हणजे वरच्या उताराचा, कोन साडेचौतीस अंश; तळियाचा, म्हणजे खालच्या उताराचा, पावणेएक्केचाळीस. कोन जरा हलला तरी पारखी ओळखतो. तळिया उथळ राहिला तर प्रकाश खालून निसटतो आणि हिऱ्याच्या पोटात फिकट कडं दिसतं; त्या दोषाला व्यापारात माशाचा डोळा म्हणतात.

मी म्हटलं, डोळ्यांचीही अशीच मापं असतात. पापणीच्या दोन कडांमधली फट लांबीला साधारण तीस मिलिमीटर, उंचीला आठ ते दहा. वरची पापणी बुबुळावर एक-दोन मिलिमीटर उतरलेली. आशियाई पापणीवर घडी पाडायची तर डोळा मिटलेला असताना केसांच्या कडेपासून सहा ते आठ मिलिमीटरवर आखतात. उघडल्यावर त्यातले दोनेक मिलिमीटरच दिसायला हवेत. त्याहून वर गेली की चेहरा दचकल्यासारखा होतो.

त्याने सगळं ऐकलं, आयग्लास खिशात ठेवला आणि म्हणाला, "हीरो पलक नो मारे, साहेब."

हिरा पापणी लववत नाही. एका वाक्यात माझी पानभर मापं तोलली.

*

डोळा एका मापात राहत नाही, याची आपल्याकडे जुनी नोंद आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात डोळ्यांचे प्रकार दिलेत आणि उघडेपणाचं माप जवात दिलंय. आठ जव म्हणजे एक अंगुळ. ध्यानात जमिनीकडे झुकलेला डोळा धनुष्यासारखा, तीन जवांचा. प्रेमात असलेल्यांचा आणि बायकांचा माशाच्या पोटासारखा, चार. शांत माणसाचा निळ्या कमळाच्या पाकळीसारखा, सहा. घाबरलेल्याचा, रडणाऱ्याचा कमळाच्या पाकळीसारखा, नऊ. राग आणि दुःख यांत दहापर्यंत.

म्हणजे मापाचं हे कोष्टक माणसागणिक नाही, मनःस्थितीगणिक आहे. एकाच चेहऱ्यावर सकाळी तीन जव आणि रात्री नऊ जव असू शकतात. फोटोत मात्र एकच माप अडकून पडतं, आणि ताई स्थळांना फोटोच पाठवणार.

*

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. आज त्याचा पासपोर्ट फोटो काढला असता तर फोटोग्राफरने 'डोळे उघडा' म्हणून दोनदा सांगितलं असतं.

त्या लेण्यांच्या पायथ्याशी वाघूर वाहते. पुढे ती तापीला मिळते आणि तापी इथे कामरेजच्या पुलाखालून समुद्राकडे जाते. आम्ही खानदेशातून भुसावळ–सुरत लाइनने आलो, पाणी आमच्याआधीपासून येतंय.

आणखी एक योग: जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड लंडनमध्ये निघाला तो १८९६ मध्ये. मिकामोंचा वृत्तांतही त्याच साली. इकडे अर्धोन्मीलित पापण्या जगाला दाखवणं चाललं होतं, तिकडे सपाट पापणीला घडी पाडणं. एकमेकांची गंधवार्ता नाही.

*

बाराव्या शतकातल्या जपानी गुंडाळीचित्रांत, गेंजीच्या कथेवरच्या, राजघराण्यातल्या स्त्रीपुरुषांचे डोळे म्हणजे नुसती एक रेघ. तेच उच्च कुळाचं, सौंदर्याचं लक्षण.

गुजरातेत त्याच शतकात जैन पोथ्या चितारल्या जात होत्या. पुढे कल्पसूत्राच्या पोथ्यांत डोळा इतका मोठा झाला, की चेहरा वळलेला असला तरी पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर हवेत लटकतो. चित्रकाराला तो डोळा सोडवेना.

कुणाचं चूक? दोघांनी आपापल्या घरात बसून काढलं. भांडण लागतं ते एकाची पोथी दुसऱ्याच्या हातात आरसा म्हणून दिली की.

*

पार्लरमधली मुलगी मिझोरामची आहे. भाची भुवया करायला गेली आणि मी बाहेरच्या बाकावर पेपर वाचत होतो. पातळ भिंत, सगळं ऐकू येतं.

भाचीने विचारलं, "तुमच्याकडे करतात का हे?"

"करतात कुणी कुणी. माझ्या बहिणीला जन्मापासून घडी आहे, मला नाही. आई म्हणते, तू पोटात झोपून होतीस." हसली. मग जरा थांबून, "इकडे आल्यावर रस्त्यात चिनी म्हणतात. तेव्हा वाटतं करावं. घरी गेले की वाटत नाही."

मी पेपरातली तीच ओळ चार वेळा वाचली. आमच्या वर्गातही एका मुलाला 'चिन्या' म्हणायचे. हजेरी घेताना मीही एकदा हसलो होतो.

*

सुश्रुताने पापणीवर शस्त्र चालवलं होतं, सुंदर करायला नव्हे. पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचतात, त्या पक्ष्मकोपासाठी. उत्तरतंत्रात रीत दिली आहे: भुवईखालचे दोन भाग सोडायचे, केसांकडचा एक भाग राखायचा आणि मधे जवाच्या आकाराची कातडी काढायची, डोळ्याच्या लांबीला समांतर. मग केसाने शिवायचं, मध-तूप लावायचं आणि धागे कपाळावरच्या पट्टीला बांधून ठेवायचे, म्हणजे पापणी वर ओढलेली राहते.

दोन भाग, एक भाग. मापाला मिलिमीटर नाहीत. ज्याची पापणी, त्याच्याच भुवईपासून मोजायचं. मोठ्या चेहऱ्याला मोठं, लहानाला लहान, आपोआप.

आणि पुन्हा जव! चित्रकाराच्या हातात जव, वैद्याच्या हातात जव. सोनाराकडे गुंज. हिऱ्याचा कॅरट हे नावही एका झाडाच्या बीवरूनच आलेलं. नाजूक गोष्टी माणसाने आधी दाण्याने मोजल्या.

*

पुण्याचं प्रकरण इथे नोंदवून ठेवतो. टिपूच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूचा कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्यातल्या एका कारागीर-वैद्याने कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक केलं. १७९४ मध्ये ती हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांचे डोळे उघडले. आधी मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवला, मग तो कपाळावर सपाट करून आखणी केली. माप पुन्हा त्याच माणसाच्या अंगावरून.

*

शेवटी सुरतेत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. ताईला सांगितलं चष्म्याचा नंबर बघायचाय.

बाईंनी आधी घडीकडे बघितलंच नाही. बॅटरीचा ठिपका बुबुळावर पाडला आणि तिथपासून पापणीची कड किती वर आहे ते पट्टीने मोजलं. दोन्हीकडे चार मिलिमीटर. "पापणी झुकलेली नाही, हे बरं झालं," म्हणाल्या.

झुकलेली असती तर वेगळीच भानगड. मेंदू दोन्ही पापण्यांना एकच हाक देतो. एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने हा नियम ओळखतात. मला तर बैलजोडीच आठवली. एक बैल कमजोर असला की शेतकरी ओरडतो, पण ऐकू दोघांना जातं. धडधाकट बैल उगाच जास्त ओढतो. तशी एक पापणी झुकली की मेंदू जोर वाढवतो आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त वर चढते. झुकलेली उचलून दिली की हाक सौम्य होते आणि चांगली पापणी खाली येते. म्हणजे एका डोळ्याचं ऑपरेशन खरं तर एका डोळ्याचं नसतंच.

मग बाईंनी एक बोथट, बारीक सळई घेतली. भाचीच्या हातात आरसा दिला, सळई उजव्या पापणीवर हलकेच टेकवली आणि म्हणाल्या, "उघडा." घडी पडली. थोडी वर सरकवली, पुन्हा उघडायला लावलं. तीन उंच्या, तीन वेगळ्या मुली. एकीत ती माझ्या थोरल्या मावशीसारखी दिसली, एकीत कुणासारखीच नाही.

घडीचे दोन घाटही सांगितले. एक नाकाकडच्या कोपऱ्यातून निघून बाहेर रुंदावत जाणारा, एक केसांच्या कडेला समांतर धावणारा. "डाव्या डोळ्याला जो आहे तोच घ्यायचा. दुसरा घेतलात तर डावाही करावा लागेल."

नुसत्या टाक्यांनी करता येतं. चीर नाही, पण घडी पुढे सैल पडू शकते. चिरून केली तर टिकते, पण परतीची वाट अवघड. करताना भूल फक्त पापणीपुरती, कारण मधेच डोळे उघडायला लावून दोन्ही बाजू ताडून बघाव्या लागतात. सूज पुरती उतरायला महिने लागतात. आणि इतकं करून अर्धा-एक मिलिमीटरचा फरक राहू शकतो.

"गरज आहे का?" भाचीने विचारलं.

"गरज नाही. इच्छा असू शकते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इच्छेला मी नाव ठेवत नाही. महिनाभर पापणीची चिकटपट्टी लावून बघा, जपानी मुली लावतात तशी. रोज आरशात त्या बाईला भेटा. मग या."

फी घेतली तीही थोडी.

*

पेणला गणपतीच्या कारखान्यात साचा, रंग, दागिने सगळं होतं, पण डोळ्यांची आखणी करणारे वेगळेच. हात बसलेले, थोडे. रांगेत शंभर मूर्ती एका साच्याच्या. आखणी झाली की शंभर वेगळ्या होतात.

एका आखणीकाराला मी तरुणपणी विचारलं होतं, दोन्ही डोळे सारखे कसे जमतात? म्हणाला, "जमत नाहीत. दुसरा डोळा पहिल्याकडे बघून काढायचा, बास."

तेव्हा मला वाटलं, टाळलं त्याने.

*

चिकटपट्टीचा नववा दिवस. मायने विचारलं, "डोयाले काय लागनं?"

*

आज माळ्यावरचं बाड काढलं. भाचीची चित्रं काढायचो मी, दर वाढदिवसाला एक, पेन्सिलीत. तिसऱ्या वर्षापासूनची एकवीस चित्रं. जमिनीवर ओळीने मांडली.

एकवीसच्या एकवीस चित्रांत दोन्ही पापण्यांवर घडी आहे.

उजवीवर कधी नव्हतीच. मी काढत गेलो. डावा डोळा बघून काढला आणि उजवा पाठ होता म्हणून काढला. ना सळई, ना टाका. एकवीस वेळा ऑपरेशन केलं आणि तिला पेढा दिला. ही चित्रं तिच्या घरी भिंतीवर लागत आली. ती त्यांच्याकडे बघत मोठी झाली.

कोरियन फोटोंना दोष देऊन झाला होता. आता ही ओळ मिलार्डच्या पानावर लिहू की मिकामोंच्या, ते ठरेना. वही तशीच उघडी ठेवली.

*

बाविसावं चित्र. तिला खिडकीजवळ बसवलं, पट्टी काढायला लावली. पाच भाग पाडले नाहीत. आधी डावा डोळा. मग हात उजव्याकडे गेला आणि सवयीने वरची रेघ घ्यायला वळला; थांबवला. कड काढली, केस काढले, वरची जागा पांढरी ठेवली. पांढरी जागा काढायला रेघेपेक्षा जास्त वेळ लागतो.

तिने बघितलं. बराच वेळ.

"मामा, उजवी रेघ राहिली."

काही बोललो नाही. पेन्सिल तिच्याकडे केली. तिने घेतली, कागदाजवळ नेली, मग चष्मा लावून आरशासमोर गेली, चित्र आणि पेन्सिल दोन्ही घेऊन.

जेवायला हाक मारली तेव्हा परत आली. चित्र अजून तिच्याकडेच आहे. रेघ काढली का, मी विचारलेलं नाही.